दोन तास कोण बसेल?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि हळद पिकवणाऱ्या पट्ट्यातलं. बौद्धिक दिव्यांग मूल वाढवणाऱ्या घरातल्या माणसांच्या मनाविषयी शहरांत परिसंवाद होतात, पुस्तिका निघतात. त्यांत सांगितलेलं बहुतेक सगळं बरोबर असतं. पण तेच साखऱ्यासारख्या गावात ओसरीवर बसून बोलायचं ठरवलं, तर समोरची बाई काय उत्तर देईल? ते उत्तर ऐकण्यासाठी मी दोन बायका समोरासमोर बसवल्या आहेत. त्या दोघी, त्यांचं घर आणि त्या घरात घडलेलं सगळं कल्पित आहे. त्या ज्या योजना, कायदे, संस्था आणि सार्वजनिक घटना सांगतात, त्या मात्र खऱ्या आहेत.

आक्का ही नणंद. नांदेडला बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत शिकवते, पंचमीला माहेरी आली आहे. भावजय तिच्या सख्ख्या मामाची मुलगी; म्हणजे सासूबाई ही तिची आत्याच. भावजयीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. हाताने जेवतो, मोजके शब्द बोलतो, अंघोळ घालावी लागते, आणि दार उघडं राहिलं की निघून जातो. त्याच्या पाठची मुलगी दहावीत आहे.

आक्का : जेवताना तीनदा उठलीस. रात्रीही तुमच्या खोलीतला दिवा चालू होता.

भावजय : तो उठतो ना रात्री. कडी वाजली की मला जाग येते. आता तर नाही वाजली तरी येते.

आक्का : कधीपासून चाललंय हे?

भावजय : तो चालायला लागला तेव्हापासून.

आक्का : झोप नाही, जेवण नाही. काल म्हणालीस, डोकं भणभणतं, हातपाय गळतात, कशात जीव लागत नाही. हे मनाचं दुखणं आहे गं. दवाखान्यात सांगितलंस का?

भावजय : सांगितलं. ताकदीच्या गोळ्या दिल्या. मागं एकदा सलाईन लावली. खोटं कशाला बोलू, सलाईननं बरं वाटलं मला. ती संपेपर्यंत पडून राहता आलं. कुणी हाक मारली नाही.

आक्का : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात हिंगोलीला, सरकारी दवाखान्यात. आणि तिथवर जाणं होत नसेल तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस म्हणतात त्याला. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असतं.

भावजय : फोन तुमच्या भावाच्या खिशात असतो आक्का. ते घरी येतात तेव्हा आत्या इथंच बसलेल्या असतात, पोरगी अभ्यासाला असते, आणि हा माझा पदर धरून असतो. ह्या सगळ्यांच्या देखत मी फोनवर काय सांगू? मला जगू वाटत नाही म्हणून?

आक्का : असं वाटतं तुला?

भावजय : हळद काढायच्या दिवसांत वाटलं होतं. आत्या गावाला गेल्या होत्या, पोरीची परीक्षा होती. मजुरी बुडवून चालणार नव्हतं. मी त्याला बाजेला बांधून शेतात गेले. परत आले तर मनगटं लाल झाली होती. माझ्याकडं बघून हसला तो. त्या दिवशी विहिरीकडं पाय गेले माझे. पुन्हा वाटलं, मी गेले तर ह्याला सोडणार कोण.

आक्का : हे तू मला सांगायचं होतंस. आजही तसं वाटतंय का?

भावजय : आज नाही. झोप झाली नाही की वाटतं.

आक्का : मग ऐक. परवा मी जायच्या आधी आपण दोघी हिंगोलीला जाऊ, डॉक्टरांना भेटू. त्याला तुझ्या नवऱ्याजवळ ठेवू. ह्याच्यात मी तुझं ऐकणार नाही.

मूल बांधून ठेवणं कायद्याच्या लेखी क्रौर्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचं कलमच आहे, आणि ते असायला हवं. पण त्या कलमात तो दिवस मावत नाही. सुगीची मजुरी बुडवणं परवडत नाही, घरात दुसरं माणूस नाही, शेजारीण एक दिवस बसते आणि दुसऱ्या दिवशी तिलाही शेत असतं. कुणाला बोल लावायचा हे ठरवण्याआधी त्या दिवशी त्या घरात किती हात होते ते मोजायला हवं. भावजयीला डॉक्टरांकडे नेण्याचा आक्काचा हट्ट मला शंभर टक्के पटतो. असे विचार येणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात बघू असं म्हणायचं नसतं.

आक्का : बंगळूरच्या निमहान्समध्ये डॉक्टर सतीश गिरीमाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घरांतल्या माणसांना विचारायची एक प्रश्नावली केली. १९९९ च्या सुमाराला. घरावरचा ताण त्यांनी चार बाजूंनी तपासला. रोजच्या देखभालीचा, घरातल्या माणसांच्या मनाचा, लोकांत वावरण्याचा आणि पैशाचा. शिवाय घर हे सगळं कसं निभावतं, तेही विचारलं. आम्ही पालकांशी बोलताना हेच धरून बोलतो. ह्यातला तुला कुठला जड जातो?

भावजय : पैसा. नाही, थांबा. पैसा पहिल्यांदा गेला. तो दोन वर्षांचा झाला तरी बसेना, तेव्हा नांदेड झालं, हैदराबाद झालं, मग देवऋषी झाले, औंढ्याला नवस झाला. एक एकर गेलं त्यात. तेव्हा वाटायचं पैसा असता तर बरा झाला असता. आता कळलंय की हा असाच राहणार. आता जड जातात ती माणसं. लग्नाला गेले तर म्हणतात, ह्याला कशाला आणलं. नाही गेले तर म्हणतात, हिला माणसात यायला नको. आणि आत्या.

आक्का : आई अजून बोलते?

भावजय : म्हणतात, आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. आक्का, मी त्यांच्या सख्ख्या भावाची लेक. माझं घराणं आणि त्यांचं माहेर एकच की.

आक्का : मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं चालत आलंय. नात्यातल्या लग्नात एकच दोष दोन्हीकडून मुलात उतरायची शक्यता वाढते, हे खरं. पण तसे जे बहुतेक आजार असतात, त्यांत दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही यावा लागतो. नुसत्या आईकडून आला तर मूल चांगलं राहतं. म्हणजे तुझ्याइतकाच माझ्या भावाचाही वाटा. आणि ह्याच्या बाबतीत तेच झालं असं कोण सांगतं? हा जन्मला तेव्हा लवकर रडला नव्हता. निळा पडला होता, मला आठवतं. बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तरी असं होतं. जन्मानंतरची जोराची कावीळ, थायरॉइडची कमतरता, मेंदूज्वर, कितीतरी कारणं आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

भावजय : एकोणीस वर्षांत हे कुणी आत्याला का नाही सांगितलं? डॉक्टरांपुढं मी एकटी बसायचे. तुमचे भाऊ बाहेर झाडाखाली.

आक्का : त्याचं मी बोलणारच आहे. त्याला काही वाटतच नाही.

भावजय : असं म्हणू नका. वाटतं त्यांना. पोरगा मोठा झाल्यापासून अंघोळ तेच घालतात. मला लाज वाटायला लागली होती, त्यांनी न सांगता हातात तांब्या घेतला. एक दिवस चुकवला नाही. पण बोलत नाहीत. पारावर बसत नाहीत, कुणाच्या लग्नात पुढं होत नाहीत. मागच्या वर्षापासून संध्याकाळी घेऊन येतात थोडी. मी रडते तरी. त्यांना ते पण नाही.

बापांविषयी लिहिताना आपण फार लवकर निकाल देतो. दवाखान्याबाहेर झाडाखाली उभा राहिलेला माणूस बेफिकीर असू शकतो, आणि आत जाऊन काय ऐकावं लागेल याची धास्ती घेतलेलाही असू शकतो. त्याला कुणी आत बोलावत नाही. माहिती आईला, फॉर्म आईला, व्यायाम आईला शिकवायचे, अशी सगळी रीत पडली आहे. त्यामुळे मुलाविषयीचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात साठतं. मग ते माणूस आजारी पडायला मोकळं राहत नाही.

आक्का : आता मी जे सांगणार आहे त्याचा तुला राग येईल. ह्याला निवासी संस्थेत ठेव.

भावजय : आलात तुम्ही तिथंच.

आक्का : आधी ऐकून घे. ह्याची शाळा संपली. आमच्याकडंही अठराच्या पुढं मुलं ठेवता येत नाहीत. पुढं कार्यशाळा असतात, पण त्या सगळीकडं नाहीत. इथं बसून तो काय करणार? आणि तू किती वर्षं धावशील त्याच्यामागं?

भावजय : एकदा ठेवलं होतं ना. बारा वर्षांचा होता तेव्हा. दिवाळीला आणायला गेलो तर अंगभर खरूज, आणि कुणी जवळ आलं की हात डोक्यावर धरायचा. घरात आपण कधी मारलं नव्हतं त्याला. हे कुठं शिकला तो? त्याला सांगता येत नाही आक्का. ज्याला सांगता येत नाही त्याला मी परक्याच्या ताब्यात कशी देऊ?

आक्का : सगळ्या संस्था तशा नसतात.

भावजय : कुठली कशी ते मला बाहेरून कळतं का?

ह्या प्रश्नापुढे आक्का थोडा वेळ गप्प बसते, आणि तिनं गप्प बसावं अशीच महाराष्ट्रातली गेल्या तीसेक वर्षांतली उदाहरणं आहेत. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. पनवेलजवळच्या एका संस्थेत अशा मुलींवर झालेले अत्याचार २०११ मध्ये उघडकीला आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावल्या. गावातल्या आईला ही प्रकरणं तपशिलानं माहीत नसतील, पण त्यातलं भय तिच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. मुलगी वयात आलेल्या घरांत तर ते भय चोवीस तास असतं. तुम्ही फार काळजी करता, असं म्हणून ते जाणार नाही, कारण ते खोटं नाही.

आक्का : तू म्हणतेस ते मी नाकारत नाही. पण दुसरी बाजूही बघ. मुंबईत १९४४ मध्ये वकील आडनावाच्या दांपत्यानं स्वतःच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. मुलीला डाउन सिंड्रोम होता, तिला घेणारी शाळा नव्हती. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. बदलापूरला आधार ही संस्था पालकांनीच काढली, मोठ्या झालेल्या मुलांसाठी. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेनं घरकुल उभं केलं. तिथं आईबापच सगळ्यांवर नजर ठेवून असतात. परक्याचा ताबा नाही तो.

भावजय : बदलापूर, डोंबिवली. तिकडं बापाला पगार असतो, आईला लिहिता-वाचता येतं, रेल्वे दारातून जाते. आपल्या मराठवाड्यातलं सांगा.

आक्का : लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी. फार नेटकं काम आहे.

भावजय : माझा पोरगा चालतो, पळतो. आणि लातूर इथून किती लांब! साखऱ्यातून सकाळी नेऊन संध्याकाळी घरी आणता येईल, असं काही दाखवा. मी उद्या नेते.

आक्का : ते नाही दाखवता येत.

भावजय : मग आमच्यापुढं दोनच गोष्टी ठेवता तुम्ही. एक तर कायमचा सोडा, नाहीतर कायमचा धरा. मधलं काहीच नाही का?

माझ्या मते हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आक्काचं निदान बरोबर आहे: भावजय आजारी आहे आणि तिला उपचार हवेत. पण उपचारानं मिळालेली झोप टिकायची असेल तर दार दुसऱ्या कुणीतरी राखायला हवं. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदलेली माणसं १५ लाखांवर होती. त्यांच्यातली बहुतेक घरीच राहतात. त्यांना सांभाळणारी माणसं कोणत्याही रकान्यात मोजलेली नाहीत, म्हणून त्यांच्या विश्रांतीची तरतूदही कुणाच्या लक्षात येत नाही. कागदावर ती अगदीच नाही असंही नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली समर्थ नावाची योजना आहे, मुलाला काही काळ ठेवून घेऊन घरच्यांना मोकळीक देणाऱ्या केंद्रांची. देखभाल करणारी माणसं तयार करणारी सहयोगी योजना आहे. पण या योजना चालवायला नोंदणी झालेली संस्था पुढे यावी लागते, आणि अशा संस्था मोठ्या शहरांभोवती गोळा होतात.

आक्का : मी एक विचारू? पोरीचं काय?

भावजय : काय तिचं?

आक्का : मी आल्यापासून बघते. शाळेतून आली की दप्तर टाकून ती त्याला धरते आणि तू सैपाकाला लागतेस. पंचमीचा झोका बांधलाय समोर, सगळ्या पोरी तिथं आहेत. ही दारात उभी राहून बघते.

भावजय : परवा म्हणाली, आई, मी लग्नच नाही करणार. तुझ्यामागं दादाला मी बघीन.

आक्का : आणि तू काय म्हणालीस?

भावजय : काही नाही म्हणाले. आत्या म्हणाल्या, किती गुणाची पोर. माझ्या पोटात गोळा आला. तिला पंधरावं लागलंय. तिनं हे बोलायचं वय आहे का? आणि एक सांगू, लग्न करणार नाही हे तिनं आपणहून ठरवलेलं नाही. मागं एक स्थळ काढलं होतं कुणी, असंच बोलता बोलता. भाऊ असा आहे म्हटल्यावर विषय तिथंच थांबला. तिनं ऐकलं ते.

आक्का : पंधराव्या वर्षी स्थळ? तिला शिकू दे आधी. पण मी म्हणते ते ह्याच्यासाठीच. ह्याला घरी ठेवायची किंमत तू एकटी मोजत असतीस तर मी गप्प बसले असते.

भावजय : मी एकटी मोजायला तयार आहे.

आक्का : तेच चुकतंय तुझं. तुझ्या तयारीवर सगळे बसलेत.

भावजय : तुम्ही पाच वाजता घरी जाता आक्का. शाळा सुटली की दिवसभराची पोरं ज्याच्या त्याच्या घरी. तुम्हाला बोलायला काय जातं?

आक्का : बरोबर आहे. पाच वाजता घरी जाते म्हणून दुसऱ्या दिवशी हसून परत येते. वीस-बावीस वर्षं हेच काम करते आणि मला ते आवडतं. चोवीस तास दिलं असतं तर मीही मुलं बांधली असती. माझ्यात तुझ्याहून जास्त माया नाही, सुट्टी आहे. तुझ्या दिवसाला पाच वाजतच नाहीत.

भावजय : हे मात्र कुणी असं बोललं नव्हतं. सगळे म्हणतात, धन्य आहेस बाई. देवानं तुलाच का दिलं, तर तू सांभाळशील म्हणून. मला संताप येतो ते ऐकून. असं म्हणणारी बाई उठून घरी जाते.

धन्य आहेस म्हणणाऱ्या माणसाचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण त्या शब्दांनी आई एका चौथऱ्यावर जाऊन बसते, आणि चौथऱ्यावरच्या बाईला दमले म्हणायची सोय उरत नाही. तिचा कौतुकसोहळा झाला की मदतीचा विषय निघत नाही. महिला दिनाला अशा मातांना शाल-श्रीफळ देणाऱ्या मंडळांना माझी एक विनंती आहे: शाल देण्याआधी तिला विचारा, कार्यक्रमाला येताना मुलाला कुणाजवळ ठेवून आलात.

आक्का : मग सांग, तुला काय हवंय? मनाला येईल ते सांग.

भावजय : रोजचे दोन तास. तेवढा वेळ कुणीतरी ह्याच्याजवळ बसलं पाहिजे. त्याला ओळखणारं, न मारणारं. मी त्या वेळात काय करीन ते कुणी विचारायचं नाही.

आक्का : ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. माहीत आहे का?

भावजय : ते रोख वाटतात, नाहीतर वस्तू देतात, असं ऐकलंय गावोगावचं. त्यातून बाई ठेवता येईल?

आक्का : हिशोब करू. समजा एखाद्या गावाचं घरपट्टी-पाणीपट्टीचं उत्पन्न दोन लाख आहे. पाच टक्के म्हणजे दहा हजार. वर्षाचे. महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत, आणि त्यात गावातले सगळे दिव्यांग आले.

भावजय : म्हणजे नाही.

आक्का : नुसत्या त्याच्यावर नाही. पण एक खोली मागता येईल, सतरंज्या, खेळणी, पंखा. त्याचे निराधारचे पैसे येतात ना?

भावजय : येतात. दीड हजार यायचे, आता अडीच झाले. कधी दोन-दोन महिने अडकतात. सर्टिफिकेटसाठी हिंगोलीच्या फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठं ते सुरू झाले. ते त्याच्या खाण्या-औषधालाच जातात.

आक्का : ते राहू दे. गावात अशी आणखी किती लेकरं आहेत?

भावजय : माझ्या माहितीत तीन घरं. एक पोरगी आहे तेरा वर्षांची, तिला फिट येतात. एक लहान आहे, अंगणवाडीत जातो. आणि एक आपल्या भावकीत.

आक्का : चार घरं. चार आया आठवड्यातून एकेक दुपार सगळ्यांना सांभाळतील, तर प्रत्येकीला तीन दुपारी सुटतात. मोठमोठ्या पालक संघटनांचं मूळही हेच आहे, एकमेकांची अडचण ओळखणारे चार-दोन आईबाप.

भावजय : चार एकदम? माझा एक पळतो, तिच्या पोरीला फिट येते. एकीला झेपायचं नाही. दोघींनी बसावं लागेल.

आक्का : मग दोघी बसा. दोन दुपारी जातील, दोन सुटतील.

भावजय : आणि भावकीतलं ते घर बांधावरून बोलत नाही आपल्याशी. सहा वर्षं झाली.

आक्का : त्या घरात मुलगी आहे का मुलगा?

भावजय : मुलगा. आमच्या पोराएवढा. दोघं लहानपणी एकत्र खेळायचे. एकमेकांना बघितलं की अजून हात हलवतात. भांडण त्यांना कळत नाही.

आक्का : त्याच्या आईकडं मी जाते. मी लग्न होऊन गेलेली, माझं बांधाशी काही नाही.

हे जमेलच असं मी म्हणत नाही. भावकीतली भांडणं मुलांच्या नावानं मिटतात असं गोष्टींत होतं. शिवाय आयांनी एकमेकींना मोकळं करायचं म्हणजे बाईचंच काम बाईनंच करायचं, आणि बाप, ग्रामपंचायत, सरकार सगळे सुटले, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. तो धोका खरा आहे. तरीही मी या मार्गाच्या बाजूनं आहे. चार घरं एकत्र येऊन खोली मागायला ग्रामसभेत उभी राहिली, तर ती नोंद होते. एकटी बाई उभी राहिली तर तिला पुढच्या वेळी बघू म्हणतात.

भावजय : आणि आमच्यामागं? दुपारी सुटतील, पण मी मेल्यावर?

आक्का : त्याचा एक कागद आधी करायला हवा. तो अठराचा झाला ना, आता कायद्यानं तू आणि भाऊ आपोआप त्याचे पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते. तिच्याकडं अर्ज करून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं. पुढं बँकेत, जमिनीच्या कामात ते लागतं. तिथंच निरामय विम्याचंही विचारायचं, लाखापर्यंतचा खर्च मिळतो. आणि तुमच्यानंतर कोण, हेही आत्तापासून बोलायला लागायचं. पोरीचं नाव मनात धरून बसायचं नाही.

भावजय : तिचं नाही धरायचं. हे मला पटलं. आणि ऐका, ते घरकुल का काय म्हणालात, ते मी कायमचं नाही म्हणत नाही. पण मी मेल्यावर त्याला कुणी गाडीत घालून तिकडं नेऊन सोडायचं नाही. जायचंच असेल तर मी धडधाकट असताना. आधी मी सोबत राहीन, चार दिवस. मग दोन दिवस त्याला एकट्याला ठेवून बघीन. अंघोळ कोण घालतं, रात्री कडी कोण लावतं, सगळं बघीन. तिथल्या बायकांशी बोलीन. नाही आवडलं तर परत आणीन. आणि मला कुणी म्हणायचं नाही की आईनं टाकलं.

आक्का : कुणी म्हटलं तर माझं नाव सांग. तो सल्ला नणंदेचा होता म्हणून.

भावजय : ते बघू. आधी त्या कागदाचं सांगा. पालक म्हणून कुणाचं नाव लागतं?

आक्का : आई-वडील दोघं मिळून अर्ज करू शकतात.

भावजय : मग नाव दोघांचं लावा. फेऱ्या मात्र ह्या वेळी तुमचे भाऊ मारतील. समितीपुढं आत जाऊन बसतील, साहेब विचारतील त्याची उत्तरं देतील. त्याला काय येतं, काय येत नाही, रात्री किती वेळा उठतो, सगळं त्यांनी सांगायचं. येत नसेल तर आठ दिवस मी त्यांना शिकवीन.